आठ पाऊण सहा

पाऊणकीचा पाढा मला शाळेत कुणी शिकवला नाही. तो आज्याने शिकवला, आईच्या वडिलांनी, पडवीत बसून जाळं विणता विणता. एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन. मे महिन्याच्या सुट्टीत मी मामाकडे गेलो की रोज संध्याकाळी हा पाढा व्हायचा, आणि तो पाठ झाला की लगेच त्याची परीक्षा. आज तिथी कोणती? अष्टमी. मग भरती कधी? आठ पाऊण सहा. सहाला खाडी भरणार, सकाळीही आणि संध्याकाळीही. द्वादशीला? बारा पाऊण नऊ. तिथीला पाऊणने गुणायचं, आलेला आकडा म्हणजे भरतीची वेळ. घड्याळ लावून पाहिलं तर हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने चुकतो. त्यात आमचं गाव खाडीच्या तोंडापासून बरंच आत, पाणी तिथवर चढायला वेळ घेतं. म्हणून आजा उत्तरात अंदाजाने थोडी भर घालायचा आणि म्हणायचा, मुंबईचं पाणी आपल्याकडं चालत येतं, गाडीनं येत नाय.

पुण्याच्या शाळेत मी एकदा ही पाऊणकी म्हणून दाखवली. बाईंनी कौतुक केलं आणि विचारलं, याचा उपयोग काय? मी म्हटलं, पाणी कधी येणार ते कळतं. वर्ग हसला. त्यांना वाटलं मी नळाच्या पाण्याबद्दल बोलतोय.

वडखळला गोव्याचा रस्ता सोडून अलिबागकडे वळलं की थोड्याच वेळात धरमतरचा पूल लागतो. त्यावरून शनिवारी गाड्यांची रांग लागते. सगळ्यांना समुद्र गाठायचा असतो. पुलाच्या अलीकडे-पलीकडे जी सपाट, उघडीबोडकी, लांबवर पसरलेली जमीन दिसते, तिच्याकडे पाहायला कुणी काच खाली करत नाही. तो खारेपाट. थोडा पेण तालुक्यात, थोडा अलिबाग तालुक्यात, मध्ये धरमतरची खाडी आणि तिला मिळणारी अंबा नदी. शिर्की, वढाव, नारवेल, बेनवले, शहापूर, धेरंड अशी गावं. कोकण म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे जे येतं, नारळी-पोफळी, तांबडी माती, उतारावरची कौलारू घरं, त्यातलं आमच्याकडे काही नाही. माती राखाडी. पावसात लोण्यासारखी, मे महिन्यात भेगाळलेल्या टाचेसारखी. उतार तर नाहीच. लहानपणी सायकल शिकताना मला आयता उतार मिळाला तो एकच, बांधावरून खाली येणारा.

ही जमीन मुळात खाडीचीच. नदीने आणि भरत्यांनी आणून टाकलेला गाळ. माणसांनी त्याच्याभोवती त्याच गाळाचा बांध घातला, खाडीला बाहेर ठेवलं, पावसाकडून मीठ धुऊन घेतलं आणि भात पेरला. उधाणाची मोठी भरती मुंबईच्या किनाऱ्यावर साडेचार मीटरच्या वर चढते. आमची शेतं त्या पातळीच्या खाली आहेत. म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या दिवसांत, दिवसातून दोनदा, मामाचं भात समुद्राच्या खाली उभं असतं. मध्ये असतो फक्त चिखलाचा बांध. त्याला तिथे काठा म्हणतात, आणि खाडीला अगदी लागून असलेला तो बाहेरकाठा. बाहेरकाठ्यावर उभं राहून भरतीच्या वेळी डावीकडे खाडीचं पाणी आणि उजवीकडे शेत पाहिलं की पोटात गोळा येतो. पाणी वर, शेत खाली. मी पाहुणे म्हणून नेलेल्या मित्रांना हे दाखवतो. ते फोटो काढतात. फोटोत हा फरक येत नाही.

नुसता बांध घालून भागत नाही. त्या भागात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तो आतच साठला तर बांधाने शेताची विहीर करून ठेवली असं होईल. म्हणून बांधात दार असतं. त्याला उघाडी म्हणतात. जाड फळ्यांची झडप, वरच्या अंगाला अडकवलेली, खाडीकडच्या बाजूला उघडणारी. ओहोटी लागून खाडी खाली गेली की आतलं पावसाचं पाणी झडपेला रेटतं, झडप उचलली जाते, पाणी बाहेर. भरती चढू लागली की खाडीच बाहेरून झडप दाबून बंद करते. कुलूप नाही, किल्ली नाही, मोटर नाही. चंद्रच तिचा वॉचमन. मी पुढे इंजिनिअर झालो, बऱ्याच यंत्रांचे नकाशे पाहिले, पण बाहेरच्या शत्रूच्याच जोराने बंद होणारं दार याच्याइतकं सरळ दुसरं पाहिलं नाही. आता बऱ्याच ठिकाणी फळ्यांच्या जागी लोखंड आलंय. खाऱ्या पाण्यात ते गंजतं, झडप अडकते, मग कुणीतरी पाण्यात उतरून ती पहारीने सोडवायची.

झडप बंद होतानाचा आवाज मला अजून ऐकू येतो. भिजल्या लाकडाचा, धप्प. त्याच्या आधी थोडा वेळ ती हलत राहते, तिचं ठरत नसल्यासारखी, कारण आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं झालेलं असतं. पाणी सारखं असेपर्यंत आजा काही बोलू द्यायचा नाही. धप्प झालं की तो विडी पेटवायचा.

खरी वाईट वेळ म्हणजे मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकदम येणं. वरून आभाळ ओततंय, बाहेरून खाडी दाबतेय, दार बंद. मग ओहोटीची वाट बघत बसायचं. भात गळ्यापर्यंत पाण्यात. ओहोटी लागेपर्यंत कुणी जेवत नाही असं काही नव्हतं, जेवायचे सगळे, पण ताटावर बोलायचे नाहीत.

बांध राखायची गावाची रीत होती. तिला जोळ म्हणायचे. ज्याची जेवढी जमीन त्या मापाने बांधाचं काम त्याच्या अंगावर. पावसाळ्याआधी चिखलाच्या ढेपा कापून काठा उंचवायचा, चिंबोऱ्यांची बिळं बुजवायची, आणि कुठे खांड गेली, म्हणजे बांध फुटून पाणी आत शिरू लागलं, तर अंगावरच्या कपड्यानिशी सगळ्यांनी धावायचं. याला आता सामूहिक श्रमदान वगैरे म्हणतात आणि त्यावर चांगले लेख येतात. मी ते गोड करून सांगणार नाही. जोळीत भांडणं व्हायची, शिव्या व्हायच्या, कुणाचा बांध कुणी वीतभर कमी भरला यावरून दोन घरं वर्षभर बोलायची नाहीत. पण काम व्हायचं. कारण तुमचा तुकडा कितीही चोख असला तरी शेजाऱ्याच्या आळसातून आलेलं पाणी तुमच्याच भातात उभं राहायचं. एकमेकांवर प्रेम असायची गरज नव्हती. नजर असायची, एवढं पुरत होतं.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना एक खांड पाहिली. शाळेला काहीतरी सुट्टी होती, पिठोरी अमावास्येचं उधाण होतं आणि चार दिवस पाऊस थांबला नव्हता. मध्यरात्री कुणीतरी बांधावरून हाका मारत आलं. आजा आणि मामा बत्ती घेऊन गेले, मागोमाग आजी घमेलं घेऊन, आणि मला कुणी नको म्हणायच्या आत मीही. खांड सुरुवातीला दाराएवढी होती. माणसं ओळीने उभी, ढेप हातोहात पुढे जातेय, शेवटचा माणूस छातीभर पाण्यात उभा राहून ती दाबून बसवतोय, आणि बसवलेली ढेप त्याच्या पायांखालून निघून जातेय. पेंढ्याच्या गुंड्या टाकल्या, बांबू ठोकले, कुणीतरी घराचं दार काढून आणलं. मी ओळीत नव्हतो, पण एका ढेपेला मी हात लावला होता. माझ्या कवेत न मावणारी, थंड, गुळगुळीत, मेल्या जनावरासारखी जड. ती माझ्या हातातून निसटून बांधावर पडली आणि फुटली. कुणी रागावलं नाही. रागवायला वेळ नव्हता. पहाटेपर्यंत खांड घराएवढी झाली आणि मग आजाच म्हणाला, सोडा. ओहोटीला बघू.

सकाळी शेतात खाडी होती. भात त्यात सरळ उभं होतं, हिरवंगार. मला वाटलं काही झालं नाही. दोन दिवस ते तसंच हिरवं दिसत राहिलं, तिसऱ्या दिवशी पात्यांची टोकं पिवळी पडली, मग टोकापासून खाली जळत गेलं, पाण्यात उभं राहून जळालं.

एकदा खारं पाणी शिरलं की नुकसान त्या वर्षापुरतं नसतं. मीठ मातीत बसतं. पाऊस असेतो ते खाली दबून राहतं, आणि उन्हाळ्यात माती सुकू लागली की ओलाव्याबरोबर वर येतं, जमिनीवर पांढरी बुरशी धरल्यासारखं दिसतं. दोन-तीन पावसाळे ते धुवावं लागतं, तेही बांध शाबूत असला तर. आजा पावसाळा सुरू झाल्यावर शेतातल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायचा. थुंकायचा. परत आठवड्याने. एका दिवशी थुंकला नाही, गिळलं, आणि घरी येऊन आजीला म्हणाला, बी भिजत घाल. खाऱ्या जमिनीत राब भाजून रोपं करणं जमत नाही, तिथे मोड आलेलं बी सरळ चिखलात फोकतात, त्याला रहू म्हणतात. बियाणंही मिठाला दाद न देणारं लागतं. पूर्वी राता पेरायचे, लाल दाण्याचं, जाड. त्याचा भात चावायला बसलं की गप्पा संपायच्या पण घास संपायचा नाही. मग पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने काढलेली वाणं आली, त्यांना नावंही पनवेल १, पनवेल २ अशीच. मामा म्हणतो, उतारा चांगला, पण रात्याच्या पेजेला जी चव होती ती नाय. मला ती चव आठवत नाही. आठवतो तिचा गुलाबी रंग.

चिखल सोसणारी ही माणसं मवाळ आहेत असं कुणी समजू नये. आमच्याकडून जवळच चरी-कोपर. १९३३ साली तिथल्या कुळांनी खोतांची जमीन कसायचं बंद केलं. नारायण नागू पाटील पुढे होते, पंचवीस गावं त्यांच्या मागे. खाडीशी रोज झगडून जमीन राखायची कुळाने आणि भात उचलून न्यायचं खोताने, हा हिशेब त्यांना मान्य नव्हता. संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं! शेतकऱ्याने सहा वर्षं शेत न पेरणं म्हणजे काय हे ज्याने पेरलंय त्यालाच कळेल. लोकांनी लाकूडफाटा विकला, मासे-चिंबोऱ्या धरल्या, मिळेल ती मजुरी केली. डॉ. आंबेडकर या शेतकऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयकही मांडलं. कुळाला कूळ म्हणून कायद्याने ओळख मिळायला १९३९ चा कायदा यावा लागला आणि खोती जायला १९४९. आज्याचा बाप त्या संपात होता असं आजा सांगायचा. पण सांगायचा काय, तर त्या सहा वर्षांत बांध कसा राखला हे. शेत पेरायचं नव्हतं, तरी काठा बघायला माणूस जात होता म्हणे. जमीन खोताची असेल, बांध आपला आहे. घरातली ही गोष्ट खरी किती आणि रंगवलेली किती, मी कधी तपासलं नाही.

पुढे कायदे झाले. १९४८ चा खारजमिनींचा कायदा, मग १९७९ चा खारभूमी विकास कायदा. सरकारने बांधांच्या योजना ताब्यात घेतल्या, दगडी पिचिंग आलं, पक्क्या उघाड्या आल्या. हे चांगलंच झालं, कारण चिखलाच्या घमेल्याने सगळं होत नसतं. पण त्याबरोबर जोळ गेली. ती कुणी मोडली नाही, ती विसरली गेली. पूर्वी चिंबोरीचं बीळ दिसलं की ज्याला दिसलं तो पायाने चिखल ओढून बुजवायचा. आता दिसलं की फोटो काढून अर्जाला जोडतात. अर्ज जातो, कुणीतरी बघायला येतं, अंदाजपत्रक होतं, मंजुरी येईस्तो पुढचं उधाण येऊन गेलेलं असतं. मामाचं यावर एक वाक्य ठरलेलं आहे. बांध कोनाचा? सरकारचा. आन्‌ चिखल? आपला.

मामाशी मी यावर वाद घालतो. माणसं गावात राहिली कुठे जोळ करायला? तरुण पोरं कंपन्यांत, नाहीतर रिक्षा-टेम्पोवर, नाहीतर पनवेल-मुंबईला. खाडीतून आता मोठमोठ्या बार्ज जातात, त्यांच्या लाटा काठ्याला धडकतात, असं सगळं गाव म्हणतं. शिडाच्या होड्यांच्या काळातला चिखलाचा बांध त्याला कुठवर पुरणार? मामा ऐकून घेतो. मग म्हणतो, तूपन गेलास ना. यावर माझ्याकडे उत्तर नसतं.

खारेपाटाबद्दल एवढं रडून झालं, पण तिथल्या जिताड्याबद्दल बोललो नाही तर आजी वरून शिव्या देईल. आमच्या घरासमोर तळं आहे. जोतं उंच करायला जी माती काढली त्याचा खड्डा, त्याचंच तळं झालं. अशी तळी दारोदारी आहेत. पावसाळ्यात खाडीतून बोटभर लांबीची जिताड्याची पिलं धरून आणायची आणि तळ्यात सोडायची. त्याला खायला लहान मासे, कोळंबी. हा मासा विचित्र आहे. खारं, मचूळ, गोडं, तिन्ही पाणी त्याला चालतं. आणि तो नर म्हणून मोठा होतो, काही वर्षांनी मादी होतो. हे मी पुस्तकात वाचून आजीला सांगितलं, तेव्हा ती पदर तोंडाला लावून बराच वेळ हसली आणि मग गंभीरपणे म्हणाली, म्हनून त्याला चव हाय.

जिताडा धरायचा म्हणजे मामा तळ्याच्या काठावर पाग खांद्यावर घेऊन उभा राहतो. पाग म्हणजे फेकायचं गोल जाळं, कडेला शिशाचे मणी. अर्धं जाळं कोपरावर, एक कड दातांत. तो पाणी बघत राहतो, इतका वेळ की बघणाऱ्याला कंटाळा यावा. मग अंग पिळून एकदम फेकतो, जाळं हवेत ताटासारखं उघडतं आणि पाण्यावर छमकन पडतं. मी तीस वेळा प्रयत्न केला असेल. माझं जाळं पोळीच्या घडीसारखं पडतं. धरलेल्या जिताड्याचे डोळे अंधारात बत्ती दाखवली की गुलाबी चमकतात, आणि त्याच्या गालाच्या कडेला पात्यासारखी धार असते, नवखा तिथे हात घालतो आणि रक्ताळतो. मी घातलाय. आमच्याकडे साहेबाचं काम अडलं, पुढाऱ्याला खूश करायचं असलं, मुलगी बघायला पाहुणे येणार असले की जिताडा निघतो. किती अर्ज त्याच्या पाठीवरून पुढे सरकले असतील ते तो खाडीबाबाच जाणे. बांधाच्या मंजुरीसाठीही एक मोठा गेला होता. तो मासा वाया गेला.

चारी बाजूंनी पाणी आणि प्यायला नाही, हे तर आता कुणी बातमी म्हणूनही वाचत नाही. विहीर खणली की मचूळ लागते. पेण तालुक्यातच हेटवण्याचं धरण आहे, त्याचं पाणी नवी मुंबईपर्यंत जातं, आणि एप्रिल-मेमध्ये खारेपाटातल्या बाया टँकरच्या वेळेवर जेवण उरकतात. माझी मामी टँकरच्या ड्रायव्हरचा नंबर तोंडपाठ म्हणते, नवऱ्याचा तिला बघावा लागतो. याच धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २००८ च्या सप्टेंबरात सरकारने शेतकऱ्यांचं मत घेतलं होतं, सेझला, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राला, जमीन द्यायची की नाही म्हणून. मामा मत द्यायला पाहुण्याच्या गावात गेला. तुझं नाव यादीत नाही म्हणाले, तर म्हणाला, नसू दे, बसतो इथं. दिवसभर बसला. आता अटल सेतू झालाय, तिसऱ्या मुंबईचं चाललंय, उरण-पनवेल-पेणमधल्या १२४ गावांचं नाव त्यात आहे. गावात जमिनीचे दलाल येतात. बांध ओलांडताना ते बूट हातात घेतात.

आईच्या वाट्याला आलेली जमीन बाहेरकाठ्याला लागून होती. सातबाऱ्यावर आता माझं नाव आहे. तिथे काही वर्षांपूर्वी खांड गेली, ती वेळेत बांधली गेली नाही, दरवर्षी रुंदावत गेली. मग आधी भाताच्या जागी चिखल, चिखलावर तिवरांची बोटभर रोपं, आणि आता डोक्यापर्यंत कांदळवन. कागदावर भातशेती, जागेवर तिवरांचं रान. पिकाची नोंद मोबाईलवर फोटो काढून करायची असं आलं तेव्हा मामाने माझ्या वतीने फोटो काढला नाही. म्हणाला, कशाचा काढू?

आणि इथे माझी पंचाईत होते. पुण्यात मी कांदळवन वाचवा म्हणणाऱ्यांतला. तिवरांची मुळं गाळ धरून ठेवतात, लाटांचा जोर मोडतात, कोळंबी-माशांची पिलं तिथेच वाढतात, हे मी लोकांना सांगतो आणि ते खरंच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवनतोडीला लगाम घातला आणि २०१८ च्या निकालाने तो पक्का केला, तेव्हा मला आनंद झाला होता. तो आनंद मी परत घेत नाही. पण माझ्या आईच्या भातात उगवलेलं तिवरही आता तोडता येत नाही. खांड बांधायची तर झाडांतून जावं लागतं, झाडांतून जायचं तर परवानगी, आणि परवानगीला जितका वेळ लागतो तितक्यात झाडं वाढतात. गावातले लोक कांदळवनाबद्दल कडवट बोलतात तेव्हा शहरातल्यांना ते अडाणी वाटतात. बाहेरकाठ्याच्या पलीकडे ओळीने तिवर असावं हे आज्यालाही कळत होतं. तो कुणाला तिथलं तिवर सरपणाला तोडू द्यायचा नाही. तिवर काठ्याच्या बाहेर असावं, आत भात, एवढंच त्याचं पर्यावरण. आता काठाच नाही, तर बाहेर काय आणि आत काय?

गेल्या श्रावणात गेलो होतो. द्वितीया होती. अमावास्येपेक्षा त्यानंतरच्या एक-दोन दिवसांचं उधाण जास्त चढतं, म्हणून मामा रात्री काठ्यावर जाणार होता. तो आता सत्तरीला आलाय, गुडघे दुखतात, एकट्याने जाऊ नये असं मामीचं म्हणणं. मी फोनवर भरतीची वेळ बघितली. मामाने पाऊणकी केली, त्यात आज्यासारखीच थोडी भर घातली. दहा मिनिटांचा फरक आला. मामा फोनकडे बघून म्हणाला, ठीक हाय त्याचा पन.

उघाडीपाशी पोचलो तेव्हा पाणी सारखं झालेलं होतं. झडप हलत होती. आता ती लोखंडी आहे, तिचा आवाज धप्प नाही, टण्ण असा येतो आणि खाडीवरून लांबवर जातो. तो आला. मामा विडी ओढत नाही, डॉक्टरांनी बंद केलीय, त्याने खिशातून बडीशेप काढून तोंडात टाकली. मग आम्ही काठ्यावरून चालत निघालो, तो पुढे, मी मागून टॉर्च धरून. माझ्या हिश्शाच्या जमिनीपर्यंत नाही, तिकडे जायला काठाच उरलेला नाही. अलीकडे जिथवर आहे तिथवर.

मध्येच तो थांबला. आतल्या अंगाला, शेताच्या बाजूने, बांधाच्या पायाशी अंगठ्याएवढ्या भोकातून पाणी येत होतं. धार म्हणावी इतकंही नाही. मला टॉर्चमध्येही दोनदा बघावं लागलं, त्याला काळोखात कसं दिसलं कोण जाणे. चिंबोरीचं बीळ. तो बोट बुडवून जिभेला लावून थुंकला. खाली बसणं त्याला जमेना, म्हणून मी बसलो. खाडीच्या अंगाला उतरून बिळाचं तोंड शोधलं, तिथूनच चिखल उपसला, दोन्ही हातांनी गोळा केला आणि बिळात दाबला. थापटला. वर येऊन बघितलं, पाणी थांबलं होतं. मी हात झटकले.

मामा म्हणाला, टॉर्च धर. मग बांधाला हात टेकत, कण्हत, स्वतः खाली उतरला. मी दाबलेला सगळा चिखल बोटांनी उकरून बाहेर काढला, बिळात कोपरापर्यंत हात घातला, आतून चिंबोरी ओढून काढली, ती माझ्याकडे न बघता काठ्यावर फेकली, आणि मग चिखल घेऊन अगदी आतून, मूठ-मूठ, बोटांच्या पेरांनी ठासत भरायला लागला. खाडी त्याच्या गुडघ्यांपर्यंत आली होती. चिंबोरी माझ्या पायाशी नांगी उगारून उभी होती.

“बगतोस काय,” तो खालून म्हणाला, “पकर तिला. मामीला दे सकाळी.”